आईला आमवात, त्यात मनगट मोडलं. हाडं मोडण्याचा धोका जीन्समधून येतो का? मदत हवी आहे

आभाळवेडी
आईला बरीच वर्षं रुमेटॉइड आर्थरायटिस (आमवात) आहे. परवा बाथरूममध्ये पाय घसरला, नुसता हात टेकला आणि मनगट मोडलं. आजीचा (आईची आई) खुबा मोडला होता, त्यानंतर ती अंथरुणातून उठलीच नाही. आता सकाळी माझी बोटं आखडतात, झोप उडालीये. कोणाचं हाड मोडणार हे जेनेटिक टेस्टमध्ये कळतं का? कुठल्या जीनची करायची? नेटवर एलआरपी५, व्हीडीआर, काय काय नावं आहेत. लवकर सांगा प्लीज, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय.

डोंगरवाट
आईंचं वय? तुमचं? स्टेरॉइड चालू आहे का, किती मिलिग्रॅम? डेक्सा (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) झालाय? यातलं काहीच लिहिलं नाहीये, सांगणार काय.

साधामाणूस
आधी युरिक अ‍ॅसिड तपासा. माझ्या मेव्हण्याचा अंगठा असाच सुजायचा, गोळी सुरू केली, आता मस्त चालतो.

निळाई
@साधामाणूस अहो तो गाऊट, युरिक अ‍ॅसिडने होणारी सांधेदुखी, त्याचा इथे काय संबंध?
@आभाळवेडी मला स्वतःला आमवात आहे. सरळ हाडांची घनता वाढवणारं डेनोसुमॅब घ्यायला सांगा, सहा महिन्यांतून एक इंजेक्शन, बाकी काही कटकट नाही. माझी डेन्सिटी छान वाढली.

आभाळवेडी
आई ६३, मी ३४. आईला आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आणि सकाळची एक छोटी पांढरी गोळी. डेक्सा नाही केला, प्लास्टर घालून घरी पाठवलं. पण माझा प्रश्न जीन्सचा आहे, त्यावर बोला ना कोणीतरी!

प्राजक्त
@निळाई इंजेक्शन छान आहे पण अर्धंच सांगताय. ते मध्येच बंद केलं किंवा डोस लांबला तर हाडं झपाट्याने विरळ होतात आणि एकामागून एक मणके दबू शकतात. बंद करायचं तर पुढे दुसरं औषध द्यावं लागतं. शिवाय सुरू करायच्या आधी दात दाखवून घ्यायचे.

निळाई
माझा एकही डोस चुकलेला नाही, उगाच घाबरवू नका लोकांना.

प्राजक्त
घाबरवत नाहीये, सुरू करण्याआधी माहिती हवी एवढंच.

डोंगरवाट
जीन्सबद्दल. जुळ्यांच्या अभ्यासांवरून हाडांच्या घनतेतल्या फरकाचा निम्म्याहून जास्त वाटा आनुवंशिक धरतात. पण तो एका जीनचा नाही, डीएनएत पाचशेहून जास्त जागा सापडल्यात आणि बहुतेकींचा परिणाम अगदी किरकोळ, त्यामुळे एलआरपी५ नाहीतर व्हीडीआर तपासून आईंचं औषध बदलणार नाही. लहानपणापासून हाडं मोडत असतील, ठिसूळ हाडांचा आजार घराण्यात असेल, तर जीन टेस्टला अर्थ आहे.
तुमच्याकडची खरी आनुवंशिक माहिती म्हणजे आजीचा खुबा. फ्रॅक्स नावाचं गणित आहे, शेफील्ड विद्यापीठाने २००८ मध्ये काढलेलं, पुढच्या १० वर्षांत हाड मोडायची शक्यता सांगतं. त्यात आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का हा प्रश्न आहे, रुमेटॉइडचा वेगळा रकाना आहे, आधीचं फ्रॅक्चर आहे, स्टेरॉइड आहे. आईंना यातलं जवळजवळ सगळंच लागू पडतं. ते चाळिशीनंतरच वापरतात, म्हणजे तुम्हाला आत्ता नाही.
आणि आमवातात दोष फक्त जीन्सचा नसतो. सूज धगधगत राहिली की हाड खाणाऱ्या पेशी जोरात काम करतात, म्हणून आजार ताब्यात ठेवणं हाच हाडांचाही उपाय. त्या पांढऱ्या गोळीचं पाकीट बघा.

आभाळवेडी
बघितलं. प्रेडनिसोलोन ५, कित्येक वर्षं चालू आहे. आणि माझ्या बोटांचं काय?

प्राजक्त
रुमॅटॉलॉजिस्टना दाखवा, अँटी सीसीपी आणि आरए फॅक्टर या आमवाताच्या रक्ततपासण्या करतील. आईला असलं म्हणजे तुम्हाला होणारच असं नाही, पण आखडणं अर्ध्या-एक तासाहून जास्त टिकत असेल तर लांबवू नका.

साधामाणूस
सोबत युरिक अ‍ॅसिडही करून घ्या, रक्त देतच आहात.

डोंगरवाट
प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइडच. ५ मिलिग्रॅम रोज, तीन महिन्यांच्या वर, म्हणजे फ्रॅक्समध्ये 'हो'. पण हे वाचून गोळी मनाने बंद करू नका, अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकतं. कंबर आणि खुब्याचा डेक्सा, व्हिटॅमिन डी, आणि पाठीचा बाजूने एक्स-रे मागा, मणका न दुखताही दबलेला असतो. आईंची उंची कमी झालीये का?

आभाळवेडी
हो, पूर्वी माझ्याएवढी होती, आता कानापर्यंत येते. वयामुळे असेल असं समजत होतो आम्ही.

डोंगरवाट
मग डॉक्टरांना पहिलं हेच सांगा, जीन्सचं नंतर.