वस्तीतल्या मुलींचा कॉम्प्युटर वर्ग वाढवायचाय, सल्ला हवा (सोलापूर)

अभ्यासिका_ताई
नमस्कार मंडळी, आम्ही काही जणी सोलापुरात विडी कामगारांच्या वस्तीत अभ्यासिका चालवतो, त्यातच कॉम्प्युटरचा छोटा वर्ग आहे. दहावी-बारावी झालेल्या मुली येतात, घरात तेलुगू, शाळा मराठीतून, आणि एमएससीआयटी झाली की गाडी तिथंच अडते. सर्टिफिकेट फाईलला लागतं आणि पोरगी परत आईशेजारी सूप घेऊन विड्या वळायला बसते. आता मोठा हॉल मिळतोय, तर खरंच आयटीत नोकरी लागेल असं काहीतरी शिकवायचंय. कोडिंग घ्यावं का? कुठली संस्था मदत करते? फी भरायची कुणाची ऐपत नाही, आणि पुण्याला पाठवा म्हटलं की घरचे सरळ नाही म्हणतात, त्यावरही कुणाचा अनुभव असेल तर सांगा प्लीज.

टेस्टर_हडपसर
ताई, सरसकट सगळ्यांना कोडिंगच असं नका करू. आमच्याकडे मॅन्युअल टेस्टिंगला, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः वापरून चुका शोधायच्या कामाला, साधं बीएससी, बीकॉम झालेली पोरं आहेत, त्यांना एक्सेल येतं, स्क्रीनवर काय चुकलं ते चार ओळी इंग्रजीत लिहिता येतं आणि अडलं की ती लगेच विचारतात. हे विचारणंच आपल्या पोरांना सगळ्यात अवघड जातं, त्याचा रोज सराव घ्या. बाकी तेलुगू, मराठी, हिंदी तिन्ही बोलता येणं ही कस्टमर सपोर्टला मोठी जमेची बाजू आहे, बायोडेटात वरच लिहायला लावा. शिकवायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा, फुकट आहेत, मराठीत पण बरेच आहेत, लिबरऑफिस (एमएस ऑफिससारखंच, पण फुकट), लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम), पायथन (कोडिंगची भाषा) वगैरे. थोडं ऐकायचं, थांबवायचं, शेजारच्या विंडोत तेच करून बघायचं, अशीच त्यांची पद्धत आहे.

आयटीआय_सर
दहावी पास असेल तर आयटीआयचा कोपा ट्रेड (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) विसरू नका, एका वर्षाचा आहे, सरकारी आयटीआयत फी फार नाही आणि नंतर अप्रेंटिसशिप मिळू शकते. मोफत प्रशिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थांचं जातीच्या प्रवर्गानुसार बघावं लागतं, अनुसूचित जातीसाठी पुण्याची बार्टी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागाससाठी नागपूरची महाज्योती, मराठा-कुणबींसाठी सारथी. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, बॅच जाहीर झाल्यावर तहसीलला पळून काही उपयोग होत नाही. आणि कुठल्याही संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारा की मागच्या बॅचची मुलं आज कुठं कामाला आहेत, दोघांशी फोनवर बोलणं करून द्या. जे टाळाटाळ करतात त्यांच्या नादी लागू नका.

वस्तीतून_आयटीत
मी पण अशाच वस्तीतली, आता पुण्यात जॉब करते म्हणून लिहितेय. नवगुरुकुल बघा ताई, कोडिंग शिकवणारी निवासी संस्था आहे, २०१६ पासून चालू आहे, राहणं, जेवण, शिक्षण सगळं मोफत, मुलींवर जास्त भर आहे, प्रवेशाला साधी परीक्षा असते. सध्या कुठल्या कॅम्पसला जागा आहे ते आधी विचारून घ्या. घरच्यांचं म्हणाल तर त्यांना कोर्सबद्दल काही ऐकायचंच नसतं, पोरगी झोपणार कुठं, गेटवर कोण असतं, फोन कधी लागणार एवढंच विचारतात, आणि त्यांचं बरोबरच आहे ना. आधी आयांनाच कॅम्पस दाखवायला न्या, पुण्याचा असेल तर हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. माझी आई हॉस्टेलचा स्वयंपाक बघून आली आणि मग तिनेच बाबांना समजावलं.

अभ्यासिका_ताई
खूप खूप आभार सगळ्यांचे. आयांना नेऊन आणायचं डोक्यातच आलं नव्हतं. अजून एक, आमचे पीसी फार जुने आहेत, विंडोज उघडायलाच वेळ खातं, आणि मुलींच्या घरी सरावाला काहीच नाही. लॅपटॉप कुठून आणायचे?

सीएसआर_डेस्क
कंपन्या दर काही वर्षांनी लॅपटॉप बदलतात, ते मागा, पण संस्थेच्या लेटरहेडवर आणि किती मुली कुठल्या वेळात वापरणार ते लिहून. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्चावी लागते, त्यातला पैसा हवा असेल तर संस्थेचं १२ए, ८०जी (ही दोन्ही आयकर खात्याची) आणि सीएसआर-१ (कंपनी खात्याचं) रजिस्ट्रेशन लागतं, ते नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याबरोबर मिळून अर्ज करा. मागताना फक्त मशीनचे पैसे मागू नका, मुलींच्या बसभाड्याचे आणि थोड्या विद्यावेतनाचेही मागा, कारण मुलगी वर्गाला बसली की घरातल्या हजार विड्यांतल्या तिच्या वाट्याच्या कमी होतात, आणि कोर्स मध्येच सुटतो तो बहुतेक वेळा ह्याच कारणाने. जुन्या पीसीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा लुबुंटू (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) टाका, ४ जीबी रॅमवर बऱ्यापैकी पळतं.

टेस्टर_हडपसर
लिनक्स टाकायला अडलं तर मला मेसेज करा. आणि शनिवारी व्हिडिओ कॉलवर मॉक इंटरव्ह्यू (सरावाची मुलाखत) घ्यायला मी आणि माझी एक कलीग तयार आहोत, विड्या जमा करायची वेळ सोडून तुम्हाला सोयीची वेळ कळवा.