मदत हवी आहे: हिपॅटायटिस सी चे उपचार संपले, तरी आईचा रिपोर्ट पुन्हा 'रिअ‍ॅक्टिव्ह'

कृष्णाकाठ:
आई ६१ वर्षांची, सांगलीला असते. गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, त्यात अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सी ची रक्ततपासणी) रिअ‍ॅक्टिव्ह निघालं. १९९५ ला तिच्या पिशवीच्या ऑपरेशनमध्ये दोन बाटल्या रक्त चढवलं होतं, त्याशिवाय दुसरं कारण सुचत नाही. मग आरएनए (रक्तात विषाणू आहे का, किती, ते बघणारी तपासणी) केला, व्हायरल लोड म्हणजे विषाणूचं प्रमाण ११,२०,०००. तेव्हा लिव्हरच्या तपासणीत एसजीओटी ५८, एसजीपीटी ७२, प्लेटलेट २ लाख ४० हजार. सरकारी केंद्रातून सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर १२ आठवडे फुकट मिळालं. एकही गोळी चुकली नाही, कॅलेंडरवर फुल्या मारायचं काम बाबांकडे होतं. शेवटी आरएनए 'आढळला नाही' आला. पेढे वाटले.

आता गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी एका खासगी हॉस्पिटलात पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा रिअ‍ॅक्टिव्ह, पुढे 'एस/सीओ १२.८'. काउंटरवरचा माणूस सगळ्यांदेखत म्हणाला, "यांना सी आहे, यांचं नंतर बघू." आई घरी आली आणि स्वतःच ताट-वाटी वेगळी काढून बसली.

गोळ्या संपून सात आठवडे झालेत. औषध फुकट गेलं का? १२.८ म्हणजे विषाणू किती? आरएनए आत्ताच करू का?

नळीवाला:
ताई, मी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आईंचं ताट आधी परत जागेवर ठेवा. हा आजार रक्तातून पसरतो, एका ताटात जेवून नाही. ब्लेड, नेलकटर, टूथब्रश तेवढे वेगळे असू द्या, ते एरवीही वेगळेच हवेत.

अँटी-एचसीव्ही ही विषाणूची तपासणी नव्हेच. विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला, याची ती नोंद. औषधाने विषाणू गेला तरी ही नोंद बहुतेकांच्या रक्तात वर्षानुवर्षं, कित्येकदा जन्मभर राहते. काहींचा विषाणू तर औषधाशिवायच जातो, तरी हा रिपोर्ट रिअ‍ॅक्टिव्हच येतो. १२.८ हा मशीनला मिळालेल्या सिग्नलचा आकडा, विषाणू मोजलेले नाहीत. आमच्या काउंटरवरही रोज कुणीतरी तो बघून घाबरतं. विषाणू आहे की नाही हे फक्त आरएनए सांगतो.

आरएनए आत्ता केला तर चूक नाही, पण गोळ्या संपून १२ आठवडे झाल्यावर तो पुन्हा करावाच लागेल. विषाणू उलटायचा असेल तर बहुधा याच काळात उलटतो, म्हणून तेव्हाचा 'आढळला नाही' धरून बरं झालं असं म्हणतात. फाईलमध्ये याला एसव्हीआर लिहितात.

औदुंबर:
भुईआवळ्याचा रस चालू करा, आमच्या आत्याची कावीळ पंधरा दिवसांत उतरली.

नळीवाला:
औदुंबर, आत्याबाईंची कावीळ कुठली होती ते तपासलं होतं का? काही कावीळ आपोआपही उतरते. ताई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मध्ये काही नवीन देऊ नका.

जुनाखेळाडू:
मी २०१३ मध्ये या सगळ्यातून गेलोय. तेव्हा इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाविरिन, २४ आठवडे. आधी जीनोटाइप (विषाणूचा प्रकार) तपासला, ३ निघाला (आपल्याकडे हाच जास्त). मग हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, थायरॉईड, सारखं रक्त देत राहायचं. नर्सला माझी शीर तोंडपाठ झाली होती. आता सगळ्या जीनोटाइपवर चालणाऱ्या गोळ्या असल्यामुळे मधल्या बऱ्याच तपासण्या गेल्या. माझं अँटी-एचसीव्ही अजून रिअ‍ॅक्टिव्ह आहे, आरएनए शून्य. मध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशनही झालं. फाईल घेऊन थेट सर्जनला भेटलो, काउंटरशी वाद घातला नाही. हातमोजे आणि सुयांची काळजी त्यांनी प्रत्येक पेशंटला घ्यायचीच असते.

कृष्णाकाठ:
तुम्हा दोघांचे आभार. अजून एक. सुरुवातीला लोड ११ लाख होता, म्हणजे लिव्हर बरंच खराब झालं असेल ना?

नळीवाला:
लोडवरून लिव्हरचा अंदाज येत नाही. त्यासाठी साधा हिशोब आहे: एसजीओटीला लॅबच्या वरच्या मर्यादेने भागायचं, मग हजारात मोजलेल्या प्लेटलेटने भागून शंभरने गुणायचं. मर्यादा ४० धरली तर ५८ भागिले ४० म्हणजे १.४५, भागिले २४०, गुणिले १००. आईंचं ०.६ येतं. २ किंवा जास्त आलं तर सिरॉसिसची (लिव्हर कडक होऊन आक्रसण्याची) शंका घेतात. फक्त याच्यावर विसंबायचं नसतं, सोनोग्राफी झाली असेल तर तीही डॉक्टर बघतील. सिरॉसिस असता तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकली नसती. आणि हो, अँटी-एचसीव्हीमध्ये दिसणारी ही अँटीबॉडी संरक्षण देत नाही, विषाणू पुन्हा लागू शकतो. सुई नेहमी नवीन उघडायला सांगा.

कृष्णाकाठ:
आईला वाचून दाखवलं. तिचा एकच प्रश्न, आरएनएला उपाशीपोटी जावं लागतं का?

नळीवाला:
नाही. चहा-पोहे खाऊन जाऊ दे.