पॉवरशेलच्या स्विचमधून बाहेर कसं पडायचं? ब्रेक, कंटिन्यू की रिटर्न?

सेमीकोलन_हरवला
मंडळी प्रश्न अगदी बेसिक आहे, हसू नका. लॉग फाइलमधे एरर किती आणि वॉर्निंग किती एवढंच मोजायचंय. पॉवरशेलमधे (विंडोजची स्क्रिप्ट भाषा) स्विच लिहिला, म्हणजे अटींची यादी, एकेक अट म्हणजे एकेक केस. त्याला रेजेक्स (मजकुराचा पॅटर्न जुळवणं) आणि फाइल असे दोन्ही पॅरामीटर दिले म्हणजे तो स्वतःच फाइलची एकेक ओळ वाचतो. एररच्या केसमधे एक काउंटर, वॉर्निंगच्या केसमधे दुसरा, आणि मी जावास्क्रिप्टवाला असल्यामुळे हात आपोआप प्रत्येक केसच्या शेवटी ब्रेक लिहून मोकळा. आता गंमत बघा, कुठलीही फाइल दिली तरी दोन्ही काउंटरची बेरीज १! कधी एरर १, कधी वॉर्निंग १. वैतागून ब्रेक काढले तर आकडे आले पण जास्त आले. ४० ओळींची टेस्ट फाइल आहे, बोटाने मोजल्या तर एरर १२ आणि वॉर्निंग ९, स्विच म्हणतो १२ आणि ११. ब्रेक ठेवू तरी पंचाईत, काढू तरी पंचाईत. मग बाहेर पडायचं कसं?

रात्रपाळी
हसत नाही, यात सगळेच एकदा आपटतात. पॉवरशेलचा स्विच हा मुळात लूप आहे हे डोक्यात बसवा, बाकी सगळं आपोआप सुटतं. त्याला यादी दिली की तो यादीतल्या प्रत्येक गोष्टीसाठी सगळ्या केसेस परत तपासतो, फाइल दिली तर प्रत्येक ओळीसाठी. त्यामुळे ब्रेक म्हणजे "ही केस संपली" असं नाही, "अख्खा स्विच संपला". तुमच्या फाइलमधली पहिली जुळणारी ओळ आली, ब्रेक लागला, उरलेल्या ओळी वाचल्याच गेल्या नाहीत, म्हणून बेरीज १.

आणि ब्रेक काढल्यावर आकडा वाढला कारण एक केस जुळली म्हणून तो पुढच्या केसेस सोडत नाही, ज्या ज्या जुळतील त्या सगळ्या चालवतो. सी किंवा जावास्क्रिप्टमधे ब्रेक विसरलं की खालच्या केसमधे न तपासता घरंगळतो, इथे तसं होत नाही, प्रत्येक अट तपासूनच आत जातो. तुमच्या २ ओळींत एरर आणि वॉर्निंग हे दोन्ही शब्द असणार, बघा.

तुम्हाला हवाय कंटिन्यू. ही ओळ झाली, पुढची घे.

खात्री करायची तर कन्सोलवर एक मिनिटाचं काम आहे. स्विचला १, २, ३ अशी यादी द्या, तिन्ही केसमधे तो तो आकडा छापा आणि फक्त २ च्या खाली ब्रेक टाका. १ आणि २ छापून गप्प बसेल. ब्रेकच्या जागी कंटिन्यू लिहा, तिन्ही छापतील.

जुना_पीएचपीवाला
वरचं उत्तर बरोबर. फक्त ज्यांना दोन-तीन भाषांत उड्या मारायच्या असतात त्यांच्यासाठी, कारण माझं डोकं यातच फिरलं होतं. जावास्क्रिप्टमधे स्विचच्या आत कंटिन्यू लिहिलं तर ते स्विचला विचारतच नाही, थेट बाहेरच्या लूपला लागू होतं. पीएचपीमधे स्विचमधलं कंटिन्यू म्हणजे ब्रेकच, बाहेरच्या लूपला सांगायचं असेल तर कंटिन्यू २ लिहावं लागतं, आणि लोक इतके फसायचे की ७.३ पासून पीएचपी स्वतःच वॉर्निंग देतं. पॉवरशेलमधे तिसरंच, स्विचच लूप. एकच शब्द, तीन अर्थ, सवय उपयोगाची नाही. बॅशवाले त्यातल्या त्यात सुखी, तिथे केस दोन सेमीकोलनने संपते आणि विषय संपला.

मुळावर_घाव
कंटिन्यूने आकडा जुळेल, पण माझ्या मते तुमचा घोळ पॅटर्नमधे आहे. "वॉर्निंग: मागचा एरर परत आला" अशी ओळ उद्या आली की वर एररची केस असल्यामुळे ती एररमधे मोजली जाणार आणि कंटिन्यू मुकाट पुढे जाणार. लेव्हल (एरर की वॉर्निंग तो शब्द) ओळीच्या सुरुवातीला येत असेल तर रेजेक्समधे ^ (ओळीची सुरुवात) लावा, म्हणजे एका ओळीला एकच केस जुळेल. कंटिन्यू तरीही ठेवा, उगाच पुढच्या अटी तपासण्यात वेळ जात नाही, पण उत्तर बरोबर येणं केसेसच्या क्रमावर लटकलेलं नको.

सेमीकोलन_हरवला
दोघांचंही केलं, १२ आणि ९! पण आता पुढचं दुखणं. फाइल एक नाही, फोल्डरभर आहेत. फेटल (सगळ्यात गंभीर एरर) दिसलं की ती फाइल सोडून पुढच्या फाइलवर जायचं, आणि डिस्क फुल दिसलं की सगळंच थांबवून शेवटी एकूण आकडे छापायचे. फेटलसाठी ब्रेक मस्त चालतंय. डिस्क फुलसाठी आधी रिटर्न टाकलं तर थांबलंच नाही, पुढची फाइल सुरू. मग बाहेरच्या लूपला लेबल (नाव) देऊन ब्रेकपुढे ते लेबल लिहिलं, तर स्क्रिप्ट गुपचूप मरते. ना लाल अक्षरं, ना शेवटची ओळ. लेबलचं स्पेलिंग चार वेळा तपासलं.

रात्रपाळी
रिटर्न इथे कामाचं नाही, ते फंक्शनमधून, स्क्रिप्टमधून किंवा ज्या स्क्रिप्ट ब्लॉकमधे लिहिलंय तेवढ्यातूनच बाहेर काढतं. एखादी व्हॅल्यू शोधून परत द्यायचं छोटं फंक्शन असेल तर मी स्वतः स्विचमधे रिटर्नच लिहितो, इथे नाही.

गुपचूप मरण्याबद्दल एक विचारतो, बाहेरचा लूप खरा फॉरईच आहे की पाइप देऊन (एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला) फॉरईच-ऑब्जेक्ट?

सेमीकोलन_हरवला
पाइप. का?

रात्रपाळी
सापडलं मग. फॉरईच-ऑब्जेक्ट दिसतो लूपसारखा पण तो लूप नाही, कमांड आहे. त्याला लेबल चिकटत नाही. ब्रेक ते लेबल शोधत एकेक पायरी वर जातो, कुठेच नाही मिळालं की सगळंच बंद करतो, तेही एररचा चकार शब्द न काढता. पाइप काढून साधा फॉरईच लिहा, त्याच्या आधी कोलन आणि लेबल, आणि ब्रेकपुढे तेच लेबल पण कोलन न लावता.

पाइप गेल्याचा अजून एक फायदा. स्विचच्या आत $_ म्हणजे चालू ओळ, पाइपमधली फाइल नाही. फाइलचं नाव छापायला जाल आणि लॉगची ओळ छापली जाईल, मी यात अर्धी दुपार घालवलीय. साध्या फॉरईचमधे फाइलला स्वतःचं व्हेरिएबल असतं.

सेमीकोलन_हरवला
चाललं!! आता ओळीसाठी कंटिन्यू, फाइलसाठी ब्रेक, डिस्क फुलसाठी लेबलवाला ब्रेक. आणि हो, ते फाइलच्या नावाच्या जागी लॉगची ओळ येणं मलाही कालपासून दिसत होतं, मला वाटलं लॉगच खराब आहे.