मदत हवी आहे: लॅबमध्ये चालेल आणि उन्हातही सोसवेल असं कापड कोणतं?

होळी यायच्या आतच जळगावात ऊन तापायला लागलंय. धाकटी बहीण भुसावळहून रोज रेल्वेने कॉलेजला येते, बीएस्सी केमिस्ट्रीला आहे. सकाळी गाडीत गारठा असतो म्हणून जॅकेट लागतं आणि दुपारी स्टेशनपर्यंत चालताना जीव कासावीस होतो.

बाकीच्या मुली ऊन वाढताच अर्ध्या बाह्यांच्या कुर्त्यांवर आल्या. हिला लॅबसाठी पूर्ण बाह्या, बंद बूट आणि वर अ‍ॅप्रन लागतो. नियम बरोबरच आहे, अ‍ॅसिड उडालं तर अंग झाकलेलंच हवं. तेव्हा कृपया नियमातून सूट मागायला सुचवू नका.

रेयॉनची कुर्ती वापरून पाहिली, घामाने अंगाला चिकटते. पॉलिस्टरमिश्रित अ‍ॅप्रन काढूनच टाकला, कारण तो घाम शोषत नाही आणि आगीजवळ वितळून कातडीला चिकटू शकतो. आता जाड सुती अ‍ॅप्रन आहे, पण आत पूर्ण बाह्यांची कुर्ती घातली की दुहेरी थर होतो. मलमल हलकी, पण आरपार दिसते. अस्तर लावलं की पुन्हा तेच. डोक्याला सुती ओढणी आणि सोबत पाण्याची बाटली असतेच.

कापड आणून शिवून घेऊ, शिलाईसह कुर्तीमागे सातशेपर्यंत जमेल. धुणं रोजचं, त्यामुळे लवकर विरायला नको.

केंब्रिक, खादी की हातमागाचं सुती, आपल्याकडच्या मे महिन्यापर्यंत यातलं कोणतं टिकेल? आणि फुले मार्केटात किंवा भुसावळला असं शंभर टक्के सुती कापड खात्रीने कुठे मिळेल?