वयाचा तक्ता पाहून धंद्याची दिशा ठरवावी का? जपानमधील डायपरचे उदाहरण

हिशेबनीस:
मार्च २०२४ मध्ये जपानच्या ओजी होल्डिंग्ज या कागद-उद्योगातील कंपनीने देशात लहान मुलांचे डायपर बनवणे थांबवून प्रौढांच्या डायपरवर भर देण्याचे जाहीर केले. २००१ मध्ये वर्षाला सुमारे ७० कोटी डायपर बनवणारी ही कंपनी तोवर ४० कोटींवर आली होती. ग्राहकाच्या आवडीनिवडींचे अंदाज चुकतात, पण जे मूल आज जन्मलेच नाही ते वीस वर्षांनी दुकानात येणार नाही, हे आजच ठाऊक असते. तरीही आपल्याकडच्या जाहिराती विशीतल्या चेहऱ्यांनीच भरलेल्या असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी होणारी मुले, १.७ होता, म्हणजे लोकसंख्या टिकून राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ या पातळीच्या बराच खाली होता, याची दखल विक्री विभागांनी घ्यायला नको का?

आडवाट:
मला हे पटत नाही. जन्मांची घट जपानमधील सर्वच उत्पादकांच्या वाट्याला आली, तरी युनिचार्म आणि काओ तिथे मुलांचे डायपर आजही बनवतात. शिवाय वृद्धांची संख्या वाढल्याने गरज वाढते, मागणी आपोआप वाढत नाही. युनिचार्मने १९९५ मध्ये प्रौढांसाठी चड्डीसारखे घालता येणारे डायपर आणले, ते अंथरुणाला खिळलेल्यांसाठी म्हणून नव्हे, तर पुन्हा स्वतःच्या पायांवर चालू पाहणाऱ्यांसाठी. २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषा विमा सुरू झाला, चाळिशीपुढील प्रत्येकजण त्याचा हप्ता भरू लागला, आणि जे ओझे घरातली सून मुकाट्याने वाहत असे त्याची जबाबदारी समाजाने उघडपणे स्वीकारली. यातले काहीही वयाच्या तक्त्यात दिसत नाही.

हिशेबनीस:
युनिचार्मचे उदाहरण माझ्याच म्हणण्याला बळ देते. प्रौढांची बाजारपेठ तिने वेळेत उभी केली, म्हणूनच मुलांच्या बाजारातली घट तिला सोसता आली.

मधली पिढी:
आपण दोघांनीही जपानी वृद्धाच्या निवृत्तिवेतनाचा विचार केलेला दिसत नाही. आपल्याकडे बहुसंख्य लोकांचे आयुष्य असंघटित क्षेत्रात जाते. त्यामुळे वस्तू वापरतात आईवडील आणि पैसे मोजतो मुलगा किंवा मुलगी, तेही स्वतःच्या मुलांची फी भरून उरलेल्या रकमेतून. उत्पन्नाचा रकाना न जोडता नुसते वय मोजणाऱ्या कंपनीला इथे गरजू पुष्कळ सापडतील, गिऱ्हाईक मात्र थोडेच.