पन्नाशीनंतरच्या त्वचेसाठी तीनच गोष्टी पुरेशा आहेत का?

पारिजात:
पन्नाशी ओलांडलेल्या चेहऱ्यासाठी सकाळी सनस्क्रीन, दोन्ही वेळा साधे मॉइश्चरायझर आणि रात्री वाटाण्याएवढे ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वापासून बनलेले, त्वचेवर लावायचे औषध) पुरेसे आहे. सीरमांच्या बाटल्यांवरचा खर्च टाळावा, असे माझे ठाम मत आहे. ऑस्ट्रेलियातील नॅम्बूर येथे ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मनाला येईल तेव्हा सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या तुलनेत रोज लावणाऱ्यांमध्ये त्वचेचे वृद्धत्व २४ टक्क्यांनी कमी आढळले. ट्रेटिनॉइनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बारीक सुरकुत्यांसाठी १९९५ मध्येच मान्यता दिली आहे. याउलट कोलॅजेनच्या, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणाऱ्या प्रथिनाच्या, क्रीममधील रेणू इतके मोठे असतात की ते त्वचेत खोलवर शिरतच नाहीत.

कृष्णाकाठ:
मला हे पटत नाही. ती चाचणी प्रामुख्याने गोऱ्या त्वचेवर झाली. आपल्याकडे सुरकुत्या उशिरा येतात. आधी येतात ते वांग आणि काळसर डाग. शिवाय दोन बोटांवर मावेल एवढे सनस्क्रीन रोज लावले, तर ५० ग्रॅमची ट्यूब साधारण दीड महिन्यात संपते, आणि निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात हा खर्च लहान नाही. डोक्यावर पदर, हातात छत्री आणि आंघोळीनंतर खोबरेल तेल यांवर आपल्या घरांतील बायकांनी आयुष्य काढले आहे. त्याला आपण कमी का लेखावे?

पारिजात:
पदर आणि छत्री यांना मी कमी लेखत नाही. सावली हे उन्हापासूनचे पहिले संरक्षण आहे. कोरडेपणासाठी खोबरेल तेलही चांगले आहे, मात्र त्याने ऊन अडत नाही. वांगाचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे. सावळ्या त्वचेवरचे डाग केवळ अतिनील किरणांनीच नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात, आणि तो प्रकाश अडवण्यासाठी लोह ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन उपयोगी पडते. डाग घालवण्यासाठी लिंबू चोळून उन्हात जाणे मात्र थांबलेच पाहिजे, कारण त्या रसावर ऊन पडले की त्वचा भाजल्यासारखी होऊन उलट नवे डाग उमटतात.

वाटसरू:
माझा आक्षेप वेगळा आणि अधिक गंभीर आहे. ट्रेटिनॉइनचे नाव ऐकून माणूस औषधाच्या दुकानात जातो आणि ट्रेटिनॉइन, डाग उजळवणारे हायड्रोक्विनोन व मोमेटासोन नावाचे स्टेरॉइड एकत्र असलेली ट्यूब घेऊन येतो. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, म्हणून ती महिनोन्‌महिने लावली जाते. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर केस वाढतात आणि थांबवताच आग होते. वयामुळे आधीच पातळ झालेल्या त्वचेला हे सोसत नाही. २०१८ मध्ये सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड अनुसूची एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, टाकली, तरी ही मलमे चिठ्ठीशिवाय मिळत राहिली. अशा परिस्थितीत ट्रेटिनॉइनचा सरसकट सल्ला देणे मला धोक्याचे वाटते.

पारिजात:
तुमची भीती खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय औषध सोडणे हा नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीने, केवळ ट्रेटिनॉइन असलेली ०.०२५ टक्क्यांची ट्यूब घ्यावी; सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर लावावी आणि जळजळ झाल्यास आधी मॉइश्चरायझरचा थर द्यावा. फरक दिसायला काही महिने लागतात. ही ट्यूब घरातील लेकीसुनांच्या हाती सहज लागू देऊ नये, कारण गरोदरपणात ती वर्ज्य आहे.

कृष्णाकाठ:
एवढ्या अटी ज्याला लागतात, त्याला साधी दिनचर्या म्हणता येणार नाही. सावली आणि मॉइश्चरायझर प्रत्येकासाठी, सनस्क्रीन ज्याला परवडेल त्याने, आणि ट्रेटिनॉइन सुरकुत्यांचा खरोखर त्रास वाटत असेल त्यानेच, अशा क्रमाने हा सल्ला दिला, तर माझी हरकत नाही.