तिसरी-चौथीच्या मुलांना ‘श्यामची आई’ द्यावी की चित्रांची पुस्तके?

शिक्षिका, कळवा
मी कळव्यातील एका मराठी शाळेत चौथीला शिकवते. सुट्टीत वाचण्यासाठी दिलेल्या यादीत ‘श्यामची आई’ नाही आणि चित्रांचीच पुस्तके फार आहेत, अशी तक्रार काही पालकांनी केली, म्हणून माझी बाजू मांडते. जे मूल अजून जोडाक्षरांपाशी अडखळते, त्याच्या हाती दीडशे पानांचे पुस्तक दिले की ते तिसऱ्या पानावर मिटते आणि पुन्हा उघडले जात नाही. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या संचात घरातल्या एकेका माणसावर एक लहानसे पुस्तक आहे. पानावर मजकूर मोजका, आणि त्यात न सांगितलेले बरेच काही चित्रात. वर्गात पान दाखवले की मागच्या बाकावरची मुले उठून पुढे येतात, चित्रात कोण काय करते आहे यावरून भांडतात आणि भांडण मिटवण्यासाठी खालची ओळ आपणहून वाचतात. वाचनाला सरावलेल्यांसाठी यादीत भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ आहे. त्याचे एक प्रकरण मी मोठ्याने वाचते आणि बनेश संकटात सापडला की पुस्तक कपाटात ठेवून देते. ते तिथे फार दिवस टिकत नाही. वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरे नाहीत आणि सारांशही नाही, हा माझा नियम आहे.

पालक, ऐरोली
बाई, मोठे पुस्तक मुलाने एकट्याने आणि सलग वाचायचे, हे आपण गृहीत धरले आहे. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक मुळात रात्री-रात्रींचे आहे; आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज एक आठवण सांगतो, म्हणजे त्याची घडणच ऐकवण्याची आहे. पोहायला जायच्या भीतीने श्याम लपून बसतो आणि आई त्याला ओढून बाहेर काढते, ती आठवण मी माझ्या तिसरीतल्या मुलाला वाचून दाखवली, तेव्हा तो पोटभर हसला आणि लगेच ‘मग आईने मारले का?’ असे विचारू लागला. जुने कोकण आणि सोवळे-ओवळे ऐरोलीच्या टॉवरमधल्या मुलाला अनोळखी आहे, हे खरे. परंतु ओळखीचे तेवढेच दिले तर त्याची भाषा वाढणार कशी?

ग्रंथालय कार्यकर्ता, नौपाडा
दोघांच्याही याद्या चांगल्या आहेत, परंतु त्या विकत घेण्याची ऐपत किती घरांत आहे? शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, असे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी कपाटाला कुलूप असते, कारण पुस्तक फाटले तर भरून कोणी द्यायचे, ही भीती. ज्या ठाण्यात 1893 पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तिथे हे शोभत नाही. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे अंक संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्यांचा उल्लेख यादीत हवा होता.

शिक्षक, घणसोली
प्रश्न विचारायचे नाहीत, हे मला पटत नाही. माझ्या वर्गात पन्नासच्या घरात मुले आहेत. कोणाला वाचता येते आणि कोण नुसती पाने उलटते, हे वहीत चार ओळी लिहून घेतल्याशिवाय कळत नाही. तपासणीला अधिकारी आले की ‘मुले रमली होती’ असे सांगून भागत नाही, नोंद दाखवावी लागते.

शिक्षिका, कळवा
नोंद मीही ठेवते, पण ती माझ्या वहीत: कोणी कोणते पुस्तक नेले आणि दुसऱ्यांदा कोणते मागितले. मुलाकडून चार ओळी मागितल्या की ते सर्वांत पातळ पुस्तक उचलते. आपल्याकडे असे होत नसेल तर आनंदच आहे. ‘किशोर’ यादीत घालते. ऐरोलीच्या पालकांचा ऐकवण्याचा मुद्दा रास्त आहे आणि निवडक आठवणी मी वर्गात वाचीनही. परंतु सुट्टीची यादी मुलाने स्वतः वाचण्यासाठी असते, आणि रोज रात्री वाचून दाखवणारे कोणी प्रत्येक घरी नसते. माझ्या वर्गातल्या अनेकांचे आईवडील रात्रपाळीला असतात.

पालक, ऐरोली
मग ते पुस्तक पालकांसाठीच्या वेगळ्या यादीत द्या. ज्यांना जमेल ते वाचून दाखवतील. सरसकट वगळण्याला मात्र माझा विरोध कायम आहे.